मामांना कुणी अडवत नाही

पोलिसांनी आपल्याला एकदा तरी रस्त्यात अडवावं म्हणून देवाला नवस बोललेला माणूस अख्ख्या महाराष्ट्रात एकच असेल, आणि तो माझ्या बायकोचा सख्खा मामा आहे. पुढे नाकाबंदी लागली आहे असं कळलं की चारचौघं आडवाट शोधतात. मामा आडवाटेने येऊन नाकाबंदी गाठतात. हेल्मेटचा पट्टा ओढून बघतात, आरशात बघून मिशी सारखी करतात आणि ताशी वीसच्या वेगाने, डाव्या अंगाने, गरज नसताना इंडिकेटर दाखवत, बोहल्याकडे निघाल्यासारखे पोलिसांसमोरून जातात. पोलीस त्यांना दरवेळी हातानेच पुढे घालवतात. “चला काका, चला, मागे गाड्या तुंबल्यात.” एका रविवारी वाशीत मामांनी एकाच नाकाबंदीवरून चार फेऱ्या मारल्या. चौथ्या फेरीला हवालदाराने खरोखरच हात केला. मामांनी स्कूटर बाजूला घेतली, स्टँडवर लावली, हेल्मेट काढून हँडलला अडकवलं, घसा साफ केला. हवालदार जवळ आला आणि मायेने म्हणाला, “काका, पत्ता सापडत नाहीये का?”

दोष पोलिसांचा नाही. मामांचा चेहराच सत्यनारायणाच्या पूजेला बसलेल्या यजमानासारखा आहे. पांढरा स्वच्छ शर्ट, पांढरा पायजमा, पांढरी टोपी, कपाळावर अष्टगंधाचा ठिपका. असा माणूस संशयित वाटायला पोलिसांची दृष्टी फारच तयार पाहिजे. मूळचे हे साताऱ्याकडचे. वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात तीस-बत्तीस वर्षं तोलणार होते. तोलणार म्हणजे काट्याजवळ उभं राहून गोणीचं वजन मोठ्यानं पुकारणारा माणूस. ते शेतकऱ्याला, व्यापाऱ्याला आणि हमालाला, तिघांनाही ऐकू गेलं पाहिजे. तिघांनी मान हलवल्याशिवाय गोणी काट्यावरून उचलायची नाही, असा मामांच्या गाळ्यावरचा रिवाज. त्यामुळे मामांचा आवाज असा कमावलेला की ते घरात जेवताना मीठ मागतात तेव्हा समोरच्या बिल्डिंगमधून विचारणा होते, जाडं पाहिजे का बारीक. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, आता कोपरखैरण्याला राहतात, पण आवाज अजून नोकरीवर आहे.

हे अडवून घेण्याचं वेड कुठून आलं, ते मला लग्नानंतर दोन-तीन वर्षांनी मामींनी सांगितलं. मामा बाहेर गेले होते आणि मामी मेथी निवडत होत्या. मामा तेव्हा तिशीत असतील. दुपारी काम आटपून, डब्याची पिशवी घेऊन ते मार्केटबाहेरच्या चौकात आले, तर दोन पोलिसांनी त्यांना दंडाला धरून बाजूला घेतलं. कुणी काही बोललं नाही. पिशवी उलटी केली. उरलेली अर्धी भाकरी धुळीत पडली, ठेच्याची पुडी फुटली. खिसे चाचपले, टोपी काढून झटकली. मामा हात वर करून उभे, आणि भोवताली हमाल, टेम्पोवाले, ओळखीचे व्यापारी, शंभरेक माणूस. सापडलं काहीच नाही, सापडण्यासारखं काही नव्हतंच. मग एकाने मानेनंच ‘नीघ’ अशी खूण केली आणि झालं. कशासाठी धरलं होतं, कुणाचं काय गेलं होतं, आपण कुणासारखे दिसलो होतो, ते मामांना त्या दिवशी कळलं नाही आणि आजतागायत कळलेलं नाही. “मारलं न्हाई, शिवी दिली न्हाई,” मामी सांगत होत्या, “पर घरी आले ते भिताडाकडं तोंड करून बसले. म्हणले, अगं, दिसभर साऱ्या बाजाराला ऐकू जाईल असं वरडतोय मी, आन् ‘कशापायी?’ येवढं येक माझ्या तोंडातनं निगालं न्हाई.”

तो एक शब्द मामांना पोलिसांसमोर, मोठ्यानं, सरळ उभं राहून म्हणायचा आहे. त्यासाठी कुणीतरी अडवायला हवं. पोरीचं लग्न झालं, घर झालं, पेन्शनीचं सुरळीत झालं, पण ही एक गोष्ट राहून गेली आहे आणि ती झाल्याशिवाय मामांचा जीव थाऱ्यावर येणार नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. आम्ही त्यावर हसतो, ती गोष्ट वेगळी.

तयारीत मात्र मामांनी काही बाकी ठेवलेलं नाही. निवृत्त झाल्यावर लोक पोथी लावतात, यांनी फौजदारी कायदा लावला. आधी वाशी स्टेशनाबाहेरच्या पुस्तकवाल्याकडून एक जाडजूड पुस्तक आणलं, ते लाल-निळ्या पेन्सिलींनी रंगवून सात-आठ वर्षांत तोंडपाठ केलं, आणि तेवढ्यात सरकारने नवा कायदा आणून कलमांचे सगळे आकडे बदलले. हा आपल्यावर केलेला वैयक्तिक हल्ला आहे असं मामांचं ठाम मत होतं. दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी नवं पुस्तक आणि नव्या पेन्सिली घेऊन आले आणि नव्या कायद्यात झडतीचं व्हिडिओ चित्रीकरण करायला सांगितलंय हे वाचल्यावर त्यांचा राग पार गेला. “सरकारनं माझं ऐकलं बगा, जावईबापू,” असं मला फोन करून सांगितलं. या सगळ्या अभ्यासाचं सार मामांनी एका ओळीत आणलं आहे आणि ते ती ओळ आरतीनंतर मंत्रपुष्पांजली म्हणावी तशी म्हणतात: “आदी त्येंचं नाव, मग कारण, मग पंच, मग यादी, आन् समद्यात शेवटी आपली सही.” पंच म्हणजे झडतीला साक्षी राहणारी दोन त्रयस्थ माणसं. ती नुसती उभी राहून चालत नाही, मामांच्या मते त्यांनी काट्याकडे बघावं तसं डोळ्यांत तेल घालून बघायला हवं. आणि घराची झडती असेल तर आधी पोलिसांनी आणि पंचांनी स्वतःची झडती द्यायची, म्हणजे बाहेरून कुणी काही आणून ठेवलं असा संशय नको. हा मुद्दा मामांना इतका आवडतो की गॅसची शेगडी दुरुस्त करायला आलेल्या माणसाकडूनही त्यांनी एकदा पिशवी उघडून घेतली होती.

आपली झडती झाली आणि यादी करायची वेळ आली तर पोलिसांची चूक होऊ नये, म्हणून मामा रोज घराबाहेर पडण्याआधी स्वतःच्या खिशांची यादी स्वतःच करतात. दोन प्रतींत. रुमाल एक, कंगवा एक (तीन दात मोडके), चष्म्याचं घर एक, बाम अर्धी बाटली, बीपीची गोळी एक, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. एक प्रत वरच्या खिशात, दुसरी फ्रिजवर लोहचुंबकाखाली. मामी त्या कागदाच्या मागच्या बाजूला किराण्याची यादी करतात, त्यामुळे वाण्याला अधूनमधून ‘तूरडाळ एक किलो’च्या मागे ‘रुमाल एक, मळका’ वाचायला मिळतं. मामांना सुपारीचं भारी व्यसन. पण अडकित्ता हे धारदार हत्यार आहे की नाही यावर त्यांचा स्वतःशीच वाद चालू असल्याने तो गेली कित्येक वर्षं घरीच राहतो, आणि मामा दिवसभर सुपारीवाचून कासावीस होऊन हिंडतात. कायद्यासाठी इतकं सोसणारा माणूस वकिलांतही सापडायचा नाही.

दर अमावास्येला रंगीत तालीम असते. अमावास्या का, ते मला माहीत नाही, विचारलं तर “ध्यानात ऱ्हातंय” म्हणतात. मामी हवालदार होतात. मामा दारातून आत येतात, मामी “थांबा” म्हणतात, आणि मामांनी “कशापायी?” म्हणायचं. पण मामी हा हवालदार कुठल्याच कायद्याला जुमानणारा नाही. एकदा त्यांनी नाव, कारण, पंच सगळं बाजूला ठेवून थेट मामांच्या पायजम्याच्या खिशात हात घातला आणि जिलेबीचा तेलकट कागद बाहेर काढला. मामांना साखरेचा त्रास आहे. “पंच कुटं हायत?” मामांनी अवसान आणून विचारलं. “मीच पंच आन् मीच कोर्ट,” मामी म्हणाल्या आणि त्यांनी जागेवर निकाल देऊन महिनाभर जिलेबी बंद केली. त्या तालमीत ‘कशापायी’ म्हणायचं राहूनच गेलं.

जवळच्या पोलीस ठाण्यात मामा महिन्या-दोन महिन्यांनी जातात. तक्रार काही नसते, शंका असतात. अडवल्यावर गाडीची किल्ली काढून घेता येते का, मोबाइल बघायला मागितला तर काय, अटक झालीच तर घरच्यांना कोण कळवणार. सुरुवातीला तिथल्या मंडळींना वाटलं, म्हाताऱ्याने काहीतरी केलंय आणि कबूल करायला धीर होत नाहीये. मग त्यांना सवय झाली. आता मामा गेले की खुर्ची मिळते, चहा मिळतो, आणि नवीन भरती झालेल्यांना त्यांच्यापुढे बसवलं जातं असंही ऐकतो. तिथल्या एका ठाणे अंमलदाराने त्यांना एकदा सांगितलं, “काका, तुम्ही कशाला एवढी पायपीट करता? साठीच्या पुढच्या माणसाला साक्षीसाठी इथं बोलावता येत नाही, आम्हालाच तुमच्या घरी यावं लागतं.” हे पुस्तकात मामांच्या नजरेतून निसटलं होतं. ते घरी आले, पुस्तक उघडून बघितलं, आणि पुढचे आठ-दहा दिवस इस्त्रीचे कपडे घालून घरात बसून राहिले, कुठूनतरी आपण कशाचेतरी साक्षीदार निघू आणि पोलीस येतील या आशेवर. मामींनी तेवढ्यात त्यांच्याकडून माळा साफ करून घेतला.

एकदा त्यांनी संशयास्पद दिसायचाही प्रयत्न केला. गुन्हा करणं शक्यच नव्हतं. “गुन्हा क्येला तर हक्क कुटल्या तोंडानं मागायचा?” म्हणून नुसतं दिसण्यावर काम केलं. दाढी वाढवली, टोपी काढली, काळा चष्मा लावला. परिणाम असा झाला की दाढीमुळे ते कुणी मोठे कीर्तनकार दिसायला लागले आणि नाक्यावरच्या दोन शिपायांनी त्यांना वाकून नमस्कार केला. माझे ऐरोलीचे घरमालक मूळ ऐरोली गावातलेच आगरी, मामांना चांगले ओळखतात. ते म्हणाले, “मामा, तुमाला कोन पकरनार? तुमचा थोबारच तसा नाय!” मामा दोन दिवस खिन्न होते. पण आपल्याला नाही तर नाही, इतरांना तरी उपयोग व्हावा म्हणून त्यांनी कॉलनीतल्या भिशीच्या बायकांकडे बोलायला अर्धा तास मागून घेतला आणि बाईची झडती बाई पोलिसानेच आणि अब्रू राखूनच घ्यायची हे तीनदा पुकारून सांगितलं, काट्यावरच्यासारखं, सगळ्यांनी मान हलवेपर्यंत. शेवटी एकीने विचारलं, “मामा, आणि नवऱ्याच्या खिशाची झडती?” मामा जराही न अडखळता म्हणाले, “त्येला वारंट लागत न्हाई.”

मी ऐरोलीला एका कंपनीत संगणकावर बसतो. चार बुकं शिकलेला, इंग्रजीत ई-मेल लिहिणारा, आपले हक्क आपल्याला माहीत आहेत अशा समजुतीत वावरणारा माणूस. त्यामुळे मामांची फिरकी घेणं हा मला जावई म्हणून मिळालेला मान आहे असं मी धरून चाललो होतो. “काय मामा, आज तरी धरलं का कुणी?” हा माझा ठरलेला प्रश्न. आणि “वो जावईबापू, तुमी हसा, पर तुमच्यावर येळ आली तर काय बोलशीला?” हा त्यांचा. मी म्हणायचो, “त्यात काय, विचारीन की सरळ, काय झालं म्हणून.” मामा माझ्याकडे बराच वेळ बघायचे आणि विषय बदलायचे.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. शनिवारची दुपार होती. मामांना वाशीत डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचं होतं. डोळ्यांत थेंब घातल्यावर काही तास धूसर दिसतं, स्कूटर चालवायची नाही, म्हणून मी ऑफिसातून परस्पर गेलो. तपासणी झाली, मामांना बाइकवर मागे बसवलं, माझी बॅग पुढे टाकीवर घेतली आणि निघालो. दोन चौक गेलो असू, पुढे बॅरिकेड लावलेले दिसले. मी मागे वळून म्हणालोसुद्धा, “मामा, नाकाबंदी आहे, हेल्मेट सरळ करा.” मामांनी खरंच हेल्मेटचा पट्टा ओढून बघितला. आणि एका शिपायाने हात करून आम्हाला बाजूला घेतलं.

मामा उतरले. धडपडतच उतरले, कारण समोरचं नीट दिसत नव्हतं. मी त्यांच्याकडे बघितलं. इतक्या वर्षांनी वेळ आली होती आणि ते हेल्मेट काढून घसा साफ करत होते. तेवढ्यात शिपाई त्यांना म्हणाला, “आजोबा, तुम्ही तिकडे सावलीत बसा,” आणि माझ्याकडे वळून, “तुम्ही उतरा. बॅग.”

यापुढचं मला सांगायला लाज वाटते. मी उतरलो, बॅग देऊन टाकली आणि हात वर केले. हात वर करा असं मला कुणीही म्हटलं नव्हतं. शिपायाच्या हातात साधी काठीही नव्हती. पण माझे हात आपसूक वर गेले आणि तिथेच राहिले. एकजण बॅगची चेन उघडत होता, दुसरा माझे खिसे चाचपत होता, सिग्नलला थांबलेल्या बसमधून माणसं बघत होती. त्यात एक चेहरा मला आमच्या ऑफिसातल्यासारखाही वाटला. काय झालं, हे विचारायचं माझ्या डोक्यात होतं. अगदी शब्द जुळवून तयार होते. पण तोंड उघडलं तेव्हा मी फक्त “सर, सर” एवढंच म्हणालो, तेही दोनदा, आणि बारीक आवाजात.

“कशापायी?”

वाशीत एवढा मोठा आवाज मामांनी मार्केट सोडल्यापासून बहुधा कुणी काढला नसेल. नारळवाल्याचा कोयता हातातच राहिला. रिक्षावाले वळून बघायला लागले. मामा सावलीतून उठून आले होते आणि माझ्यापासून हातभर अंतरावर, माझ्या बाजूला, सरळ उभे होते. “कशापायी धरलं ह्येला?”

पलीकडून एक वयस्क हवालदार आले. मला वाटलं, आता संपलं. पण ते शांत होते. “काय झालं, बाबा?”

“आदी तुमचं नाव सांगा.”

हवालदारांनी छातीवरच्या पट्टीकडे बोट केलं. “इथं आहे की लिहिलेलं.”

“डोळ्यात औषद घातलंय. वाचता येत न्हाई. मोठ्यानं सांगा.”

हवालदारांनी नाव सांगितलं. मोठ्यानं सांगितलं. मग म्हणाले, “सकाळी इथं मागच्या सेक्टरमध्ये एका बाईंच्या गळ्यातली चेन ओढून नेली. काळी बाइक, पुढे काळी बॅग. म्हणून या रस्त्यावरच्या सगळ्या काळ्या बाइक बघतोय. यांची काळी आहे, म्हणून थांबवलं. दोन मिनिटांचं काम आहे.”

मामांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मी त्यांच्याकडे बघत होतो. ओठ नुसते हलत होते. मग म्हणाले, “मग त्ये ह्येला सांगा की. कवापासनं हात वर करून उभाय त्यो.”

हवालदारांनी माझ्याकडे पहिल्यांदाच नीट बघितलं. “अहो साहेब, हात खाली घ्या की. कुणी सांगितलं तुम्हाला?”

मी हात खाली घेतले. पुढे मामांनी नारळवाल्याला आणि एका रिक्षावाल्याला साक्षीला उभं केलं आणि बॅगेतून निघणारी एकेक वस्तू पुकारायला सुरुवात केली. शिपाई ती त्यांच्या डोळ्यांसमोर धरायचा आणि मामा वजन पुकारावं तसं पुकारायचे: “कंपूटर येक! छत्री येक! डबा येक! आत काय हाय? कारल्याची भाजी! खाल्ल्याली न्हाई!” रिक्षावाल्याने मान हलवली, नारळवाल्याने मान हलवली, शिपायाला हसू आवरेना. कारल्याचा हा पंचनामा त्याच संध्याकाळी माझ्या बायकोपर्यंत गेला, त्याचं काय झालं ते इथे सांगत नाही. चार-पाच मिनिटांत सगळं आटोपलं. हवालदार म्हणाले, “जा बाबा. त्रास झाला त्याबद्दल सॉरी.”

नारळवाल्याच्या बाकड्यावर आम्ही बसलो. मामा आता नाचायलाच लागतील असं मला वाटत होतं. आयुष्यभर धरून ठेवलेला तो शब्द त्यांनी म्हटला होता, पोलिसासमोर म्हटला होता, आणि त्याला उत्तरही मिळालं होतं. पण मामा शहाळं हातात धरून नुसते बसून होते.

“जिंकलात की मामा!” मी म्हणालो. “झालं ना मनासारखं?”

“मला काय कुणी धरलं न्हवतं.”

“पण विचारलंत ना?”

“तुमच्यासाठी इचारलं.” त्यांनी शहाळं बाजूला ठेवलं. “मला नीट दिसत न्हवतं, जावईबापू. तुमचं तोंड बी दिसत न्हवतं. निसतं वर क्येल्यालं दोन हात दिसलं. मला वाटलं, मीच उभाय.”

मी माझंही शहाळं खाली ठेवलं.

“येवढी वर्सं वाटायचं, आपुनच भित्रं,” मामा सावकाश म्हणाले. “आपुन इचारलं असतं तर त्येंनी सांगितलं असतं. आज तुमच्याकडं बगितलं. तुमी येवढं शिकल्यालं, तुमाला बी जमलं न्हाई. ज्येचं हात वर असत्यात त्येला बोलता येतच न्हाई हो. त्ये शेजारच्यानं बोलायचं असतंय.”

“मग तुमची काही चूक नव्हती,” मी म्हणालो. मला खरंच बरं वाटलं होतं, त्यांच्यासाठी आणि थोडं माझ्यासाठीही. “तिथे शंभर माणसं होती, त्यांच्यातल्या कुणीतरी विचारायला हवं होतं.”

“व्हय,” मामा म्हणाले. “आन् त्या चौकात माझ्या आदी आन् माझ्यानंतर किती जणांस्नी धरलं असंल? रोजचंच हुतं त्ये. मी बी त्या शंभरातच उभा असायचो की. येकदा बी तोंड उघडलं न्हाई.”

त्यांचे डोळे ओले होते. थेंबांमुळे असतील असं मी त्या वेळी स्वतःला समजावलं, पण तसं नव्हतं. मामा रडत होते. नारळवाल्याने न मागता मलई काढून दिली.

त्या दिवसापासून मामांनी नाकाबंदीवरच्या फेऱ्या बंद केल्या. खिशांची यादी बंद झाली, त्यामुळे मामींची किराण्याच्या कागदाची पंचाईत झाली. सुपारीही सुरू झाली. पण संध्याकाळी ते पायी फिरायला जातात, आणि वाटेत कुणाला अडवलेलं दिसलं, कुणाची डिकी उघडलेली, कुणाची पिशवी उलटी झालेली, की जाऊन त्या माणसाच्या बाजूला हातभर अंतरावर उभे राहतात. बोलत काही नाहीत. हात मागे बांधतात आणि उभे राहतात. “तुमचं काय काम, काका?” असं विचारलं तर म्हणतात, “काय न्हाई. हाय मी हितं.” बहुतेक पोलीस हसून सोडून देतात. एक तरुण शिपाई चिडला, सरकारी कामात अडथळा आणताय का म्हणाला. मामा म्हणाले, “अडथळा हुतोय व्हय? मग दोन पावलं मागं उभारतो,” आणि दोन पावलं मागे जाऊन उभे राहिले. अडवलेला माणूस कोण, साव की चोर, याची ते चौकशी करत नाहीत. त्याला सोडलं किंवा नेलं की मामा पुढे चालायला लागतात. गुडघे दुखतात, मामी ओरडतात, पण फेरी चुकत नाही.

मामांची फिरकी घेणं मी सोडलेलं नाही, पण पूर्वीसारखी रंगत नाही. परवा, सोमवारी सकाळी, मी ऑफिसला निघालो होतो. ऐरोलीच्या चौकाच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला दोन पोलीस होते आणि त्यांच्यामध्ये एक माणूस. चाळिशीचा असेल, अंगावर रंगाचे डाग पडलेले रंगाऱ्याचे कपडे. त्याची पिशवी फुटपाथवर उपडी झाली होती, ब्रश, भिंतीला लांबी लावायच्या पत्र्या, जेवणाचा डबा. त्याचे हात वर होते. मी बाइक हळू केली. साडेनऊला माझी मीटिंग होती, आणि सव्वानऊ होऊन गेले होते. माझ्यासारखीच आणखी दहा-वीस माणसं हळू होत होती आणि पुढे जात होती. मीही पुढे गेलो. वळण येईपर्यंत तो आरशात दिसत होता.

रात्री जेवताना मामांचा नेहमीसारखा फोन आला. डोळे आता बरे आहेत म्हणाले, मी मामींचं विचारलं तर तिथूनच त्यांना हाक मारली, मला फोन कानापासून लांब धरावा लागला. मग म्हणाले, “आन् काय जावईबापू, आज वाटंत काय दिसलं काय?”

मी म्हणालो, “नाही मामा. काही नाही.”